बटणाला शिंगं फुटतात तेव्हा

दिवाळीच्या आधी ब्लेझर घ्यायला गेलो होतो. सेल्समन एकदम कानाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सर, बटणं रिअल हॉर्नची आहेत." म्हणजे शिंगाची. मी बाही उचलून उजेडात धरली. एका बाहीवर चार, दुसरीवर चार, आणि आठही बटणांवर तोच एक तपकिरी ढग. त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा. आता आठ जुळ्या म्हशी कुठून आणल्या, असं त्याला विचारणार होतो, पण बिचाऱ्याला टार्गेट असतं. ब्लेझर घेतला. बटणं अर्थातच पॉलिएस्टरची.

तर मंडळी, पहिला फंडा हाच. खऱ्या शिंगाची दोन बटणं कधीच डिट्टो सारखी नसतात. रंगाच्या रेघा प्रत्येकात वेगळ्या धावतात आणि पाठीवरही दिसतात. मात्र हल्ली नकलाकारही हुशार झालेत, मुद्दाम प्रत्येक बटणावर वेगळी रेघ मारतात. त्यामुळे रेघ वेगळी आहे एवढ्यावर खूश होऊ नका.

आधी शिंग म्हणजे काय ते बघू. गाय, बैल, म्हैस यांचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर केराटिनचं कवच. आपली नखं आणि केसही त्याच केराटिनचे. हे कवच तापवलं की मऊ पडतं, दाबलं की आकार घेतं, थंड झालं की तसंच राहतं. निसर्गाचं प्लास्टिकच म्हणा ना! उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये आजही म्हशीच्या शिंगापासून बटणं, कंगवे आणि शोभेच्या वस्तू बनतात. सांबर-चितळाच्या शिंगाचा मामला वेगळा. ते अख्खं हाड असतं आणि दरवर्षी गळून पडतं. बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या पारंपरिक जाकिटांवर त्याची बटणं दिसतात. कडेला झाडाच्या सालीसारखा खडबडीतपणा आणि मधोमध बारीक छिद्रांचा जाळीदार भाग दिसला, की ते हरणाचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळाच्या शिंगाचा व्यापार बंद आहे. कुणी "गळून पडलेलंच आहे हो साहेब" म्हणत विकायला आला, तर हात जोडा आणि पुढे चला.

खरी गंमत मात्र त्या बटणांची, जी शिंगाची आहेत असं वाटतच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये शिंगं आणि खूर यांचे तुकडे किंवा भुगा घ्यायचे, रंगवायचे, बहुतेकदा काळे, आणि तापवून पोलादी साच्यात दाबायचे. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम तर बटणांचं माहेरघर. साच्यातून फुलं, कुत्री, घोडे, जाळीची नक्षी असलं काहीही निघायचं. काहींत शिंपल्याचे नाहीतर पितळेचे बारीक तुकडे बसवलेले. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेले, व्हिक्टोरिया राणीने काळे कपडे घातले ते कायमचेच, आणि काळ्या दागिन्या-बटणांची चलती झाली. ज्यांना अस्सल जेट परवडायचं नाही ते काळ्या काचेकडे किंवा या दाबीव शिंगाकडे वळायचे. यात रेघा नाहीत, ढग नाहीत. दुरून बघाल तर सरळ प्लास्टिक म्हणाल.

आमच्याकडेही तसंच झालं. आजीच्या बिस्किटांच्या डब्यात सहा काळी बटणं होती, प्रत्येकावर कुत्र्याचं डोकं. कोणाच्या कोटाची, कुठून आली, हे सांगणारं घरात कोणी उरलेलं नाही. मी कुठेतरी वाचलं होतं, की सुई लाल होईपर्यंत तापवून टोचायची आणि वास घ्यायचा. केस जळल्याचा वास आला तर शिंग, जळक्या दुधाचा आला तर केसीन, कापराचा आला तर सेल्युलॉइड. रविवारची दुपार होती, गॅस होता, सुई होती. टोचली. केस जळल्याचा वास आला! मी आनंदाने ओरडलो, आई आतून धावत आली आणि तिने फक्त बटणाकडे बघितलं. कुत्र्याचा डोळा गेला होता.

मग मी बटण उलटं केलं. पाठीवर, कडेपासून जरासं आत, टाचणीच्या टोकाएवढा एक खळगा होता. उरलेल्या पाचांवरही, पण प्रत्येकाची जागा थोडी वेगळी. साच्यात चिकटून बसलेलं गरम बटण कारागीर टोकदार हत्याराने उचकटून काढायचा, त्याची ती खूण. दाबीव शिंगाची याहून भरवशाची ओळख नाही. उत्तर आधीपासून तिथेच होतं, मी फक्त पाठ बघितली नव्हती. सहाचा सेट पाचाचा झाला. आणि ते सेल्युलॉइड असतं, तर भपकन पेटलं असतं, ते वेगळंच.

त्यामुळे सुई विसरा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो. बटणामागे टॉर्च धरा. काळं शिंग पातळ कडेला बऱ्याचदा तपकिरी-राखाडी उजळतं. काच हाताला गार लागते, दातावर हळूच टेकवली की टिंग वाजते. रबर बोटाने जोरात घासलं की गंधकाचा वास येतो. जुन्या रबरी बटणांच्या पाठीवर 'गुडइयर' हे नाव आणि १८५१ हे साल असतं. ते पेटंटचं साल बरं का, बटणाचं नव्हे. ही बटणं पुढेही कैक वर्षं निघत होती. "दीडशे वर्षांहून जुनं" म्हणत भाव चढवणाऱ्याला एवढं ऐकवलं तरी तो जरा खाली येतो.

ओळख पटली की वर्गवारी. अमेरिकेत १९३८ पासून नॅशनल बटन सोसायटी आहे, तिच्या पद्धतीने जगभरचे हौशी लोक बटणं लावतात. पहिला प्रश्न, १९१८ च्या आधीचं की नंतरचं? मग शिंग नैसर्गिक की दाबीव, हे दोन कप्पे कधीच मिसळायचे नाहीत. मग आकार. पाऊण इंचापर्यंत लहान, सव्वा इंचापर्यंत मध्यम, त्यावर मोठं, आणि तीन अष्टमांश इंचाहून छोटी चिमुकली वेगळी. त्यानंतर चित्र कसलं, पाठीला तारेचं कडं की आरपार भोकं, वगैरे. सुरुवातीला हे सरकारी फायलिंगसारखं वाटतं. पंधरा-वीस बटणं झाली की आपोआप चटक लागते.

सांभाळायचं कसं? शिंगाची बटणं पाण्यात भिजवू नका, थर सुटतात, चमक जाते. वॉशिंग मशीनचं तर नावही नको. लोकर खाणारे किडे शिंगही खातात, तेव्हा पृष्ठभागावर कुरतडल्यासारखे चर दिसले तर ते बटण लगेच बाजूला काढा. सेल्युलॉइडच्या बटणांबरोबर एका डबीत ठेवू नका. त्यातून निघणारी वाफ शेजाऱ्यांनाही खाते.

परवा चोर बाजारात एका काकांकडे काळ्या बटणांची थैली मिळाली. "प्लास्टिक है, सौ में ले जाओ," ते म्हणाले. मी एकेक उलटं करत बसलो. चाळीसमधली सात निघाली, खळगा असलेली. एकावर घोडा आहे.