दाढेसाठी गेलात तरी सगळे तोंड दाखवा

दाढ ठणकू लागली की आपण आधी लवंग धरतो, मग तंबाखूची चिमूट दाबतो. अगदीच झोप उडाली तर दाताच्या डॉक्टरकडे जातो. दाढ निघाली की त्या डॉक्टरचे आणि आपले नाते संपले!

आमच्या शेजारच्या मावशी अशाच गेल्या होत्या. वीस वर्षांची मिश्रीची सवय. डॉक्टरांनी दाढ पाहता पाहता गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. दुखत नव्हता, म्हणून मावशींना त्याचा पत्ताच नव्हता. तपासणीसाठी तुकडा काढायचा म्हटल्यावर घरात रडारड झाली. "सुरी लागली की रोग पसरतो," असे कोणीतरी सांगितले. हा निव्वळ गैरसमज आहे. मुलाने एक दिवसाची मजुरी बुडवून आईला नेले. कर्करोग निघाला नाही. पण असा चट्टा पुढे बिघडू शकतो, म्हणून मिश्री सोडा आणि वेळोवेळी दाखवत राहा, असे डॉक्टरांनी बजावले.

वाचकहो, तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो उशिरा कळतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. मग दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसलेलेच असताना ही संधी का दवडावी?

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ, तिखटाने होणारी आग, तोंड कमी उघडणे, यांतले काहीही असले तर थांबू नका. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी चोरून मिळतेच. नुसती सुपारीही निर्धोक नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत रुग्णालये आहेत. तेथे खाजगीपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो. खुर्चीवर बसल्यावर आपली सवय लपवू नका. जीभ, गाल, हिरड्या सगळे पाहायला सांगा. मिश्री लावणाऱ्या आईला आणि आजीलाही सोबत न्या. त्या स्वतःहून कधीच जाणार नाहीत, हे आम्ही घरोघर पाहिले आहे.