पाळीव सरड्याची झाडें व त्यांची विषनोंद

सरड्याच्या जातीचा प्राणी घरांत पाळणें, आणि त्याच्या पेटींत ठेवावयाचीं झाडें तयार करणें, हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशासाठीं, असें कित्येक वाचकांस वाटेल. मलाहि गेल्या पावसाळ्यापर्यंत तसेंच वाटत होतें. परंतु जें झाड त्या पेटींत जातें तें आकाशांतून पडत नाहीं. तें कोणा शेतकऱ्याच्या वा रोपवाटिकावाल्याच्या हातचें असतें, आणि त्याच्या अंगीं काय मुरलें आहे हें त्या एकट्यासच ठाऊक असतें. म्हणून हा विषय आपला आहे असें माझें मत झालें आहे. तें कसें झालें तें प्रथम सांगतों.

माझा एक पुतण्या पुण्यास शिकावयास आहे. त्यानें इग्वाना नांवाचा मोठा हिरवा सरडा पाळला होता. हा प्राणी मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेंतील. झाडावर राहणारा व पाला खाऊन जगणारा. पूर्ण वाढला म्हणजे शेपटीसह पांच फुटांच्या घरांत जातो. त्यास मोठी पेटी लागते, अंग शेकण्यास दिवा लागतो, आणि चढण्यास, लपण्यास व मधून मधून तोंड घालण्यास जिवंत झाड असलें तर तो सुखानें राहतो. श्रावणांत पुतण्या गोरेगांवीं आला तेव्हां म्हणाला, "काका, जास्वंदीचें एक चांगलें झाड द्या. तो पानेंहि खातो आणि फुलेंहि." आमच्या अंगणांतील जास्वंद जुनी, बेढब, पानापानास भोंक पडलेली. पोरास तें काय द्यावयाचें, म्हणून मीं वाटेवरच्या एका रोपवाटिकेंतून भरगच्च, तुकतुकीत झाड विकत घेऊन दिलें. विकणारा म्हणाला, "एक कीड दाखवा, पैसे परत." त्या बोलण्याचा खरा अर्थ तेव्हां माझ्या ध्यानीं आला नाहीं.

झाड पेटींत गेल्यावर तिसऱ्या दिवशीं प्राण्यानें खाणें सोडलें, अंगास कंप सुटला, आणि पांचव्या दिवशीं तो मेला. जनावरांच्या डॉक्टरांनीं पुतण्यास एकच प्रश्न विचारला होता: या झाडावर कोणतें औषध मारलें होतें? त्याचा फोन येतांच मी रोपवाटिकेंत गेलों. तेथील मनुष्य म्हणाला, "सांगतां येत नाहीं, माल बाहेरून येतो." प्राणी झाडामुळेंच मेला असें सिद्ध झालें नाहीं, पण झाडामुळें मेला नाहीं असेंहि मला छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पुतण्या मला एका शब्दानें बोलला नाहीं, हें अधिक लागलें. माझें सारें आयुष्य महसूल खात्यांत नोंदी करण्यांत गेलें. गुंठाभर जमिनीचा मालक कोण, बोजा कोणाचा, पेरा कशाचा, हें सातबाऱ्यावर सांपडतें. आणि पोराच्या हातीं मीं जें झाड दिलें त्याची एक ओळहि कोठें लिहिलेली नव्हती.

आतां मूळ कामाकडे वळूं. झाड दोन प्रकारांनीं विषारी असतें; एक आपल्या स्वभावानें, दुसरें आपल्या हातानें. पहिला प्रकार शेतकऱ्यास शिकवावयास नको. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, रुई, शेर, एरंड, घाणेरी, गुंज हीं नांवें घेतलीं तरी पुरे. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन किराळ लागलेलें जनावर ज्यानें एकदां पाहिलें आहे, तो हिरवें तें सारें खाण्याजोगें असें कधीं समजणार नाहीं. शहरांतील लोक मात्र शोभा पाहून झाड निवडतात. डिफेनबेकिया, अळूच्या जातीचीं रंगीत पानें, इतकेंच काय मनीप्लँटसुद्धां, यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात व ते तोंडास व घशास टोंचतात. कच्च्या अळूनें घसा खवखवतो तो यामुळेंच. पाला खाणाऱ्या प्राण्याच्या पेटींत हीं झाडें नसलेलीं बरीं. जास्वंद, तुती, शेवगा हीं आपलीं घरचीं झाडें त्यास उत्तम.

दुसरा प्रकार कठीण आहे, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं. पूर्वींचीं पुष्कळ औषधें पानाच्या वर बसत. चार पाऊस पडले, पान धुतलें, कीं बरींचशीं निघून जात. आतांचीं कित्येक औषधें आंतरप्रवाही आहेत. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम हीं नांवें आपल्याकडील कापूसवाल्यांस तोंडपाठ आहेत. मुळाशीं घातलीं कीं तीं रसाबरोबर शेंड्यापर्यंत चढतात. मावा, तुडतुडे तो रस शोषतात व मरतात. हा त्या औषधांचा गुण, आणि पाला खाणाऱ्याच्या दृष्टीनें हाच त्यांचा दोष. असें पान दहा वेळां धुतलें तरी आंतील विष आंतच राहतें. लांकडी खोडाच्या झाडांत व कुंडींतल्या मातींत तें महिनोन्‌महिने टिकूं शकतें. थोड्या वजनाचा प्राणी रोज त्याच एका झाडाचीं पानें खाऊं लागला तर त्याच्या पोटीं काय जात असेल याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

आमच्या या हळदीच्या मुलखांत कंदमाशीसाठीं फोरेटचे दाणे वर्षानुवर्षें जमिनींत गेले. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी कोणाच्याच कोठींत जुनी पिशवी उरली नसेल, असें मी म्हणणार नाहीं. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर काढणीस किती दिवस थांबावें तें छापलेलें असतें खरें, परंतु तो आंकडा त्या त्या पिकासाठीं असतो. शोभेच्या जास्वंदीचें पान कोणी खाईल, असें धरून तो काढलेला नसतो. म्हणून ज्या पानास एकहि कीड शिवत नाहीं त्याचें कौतुक करण्यापूर्वीं, कीड कां शिवत नाहीं हें विचारावें. आमच्या अंगणांतील भोंकें पडलेली जास्वंद, जिला मीं कमी लेखलें, तिच्यावर कधीं कांहीं मारलेलें नव्हतें. ती दारांत असतांना मीं पैसे मोजून दुसरें झाड आणिलें.

माझ्या मतें विकतचें झाड पेटींत ठेवूंच नये. ज्यावर निदान वर्षभर कांहीं मारलेलें नाहीं अशा माहितीच्या झाडाची काडी घ्यावी. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी पावसाळ्यांत सहज लागते. तुती व शेवगाहि काडीनें येतात. माती बांधावरची, किंवा ज्या कोपऱ्यांत औषध गेलेलें नाहीं तेथली घ्यावी. ओढ्याच्या खालच्या अंगाचा गाळ सुपीक दिसतो, पण वरच्या शेतांतील सारें धुऊन तेथेंच येऊन बसतें. तो घेऊं नये. तीन भाग माती, एक भाग धुतलेली वाळू व एक भाग पुरतें कुजलेलें खत पुरे होतें. ओलें शेण, युरिया, डीएपी, अथवा रोपवाटिकेंत वापरतात तें गोळ्यांचें सावकाश विरघळणारें खत, यांतलें कांहीं घालूं नये; हे प्राणी माती चाटतात व बारीक गोळ्या गिळतात. बीं पेरावयाचें असेल तर दुकानांतील लाल-निळें बियाणें म्हणजे औषध चोळलेलें बियाणें, हें आपण जाणतोंच. मेथी व धने घरच्या डब्यांतून घ्यावे.

विकतचेंच झाड घेणें भाग पडलें तर कुंडींतील सारी माती काढून टाकावी, मुळें उघडीं पडेतों वाहत्या पाण्यांत धुवावीं, असलेलीं सर्व पानें खुडावीं, आणि नव्या मातींत लावून तें झाड निराळें ठेवावें. निराळें ठेवण्याची मुदत कमींत कमी तीन महिने. आंतरप्रवाही औषधाचा संशय असेल तर पुरें वर्ष. मधल्या काळांत फुटलेली पालवीहि संशयाचीच समजून काढून टाकावी. मीं माझ्या कुंडींवर मावा आलेला पाहिला तेव्हां जन्मांत प्रथमच त्याचा आनंद झाला. मावा जगला म्हणजे झाड शुद्ध ठरलें असें नव्हे, पण शुभशकुन खरा. तो पाण्याच्या धारेनें घालवावा, औषधानें नव्हे.

पेटींत ठेवण्याच्या दिवशीं पानें दोन्ही अंगांनीं साध्या पाण्यानें धुवावीं, गोगलगाई व त्यांचीं अंडीं पाहून काढावीं. पानें चमकविण्याचें तेल शहरांत मिळतें, तें चुकूनहि लावूं नये. कुंडी जड असावी, नाहींतर चढतांना प्राण्याच्या अंगावर पडते. मातीवर त्याच्या तोंडांत जाणार नाहींत एवढे मोठे चपटे दगड मांडावे, म्हणजे माती त्याच्या पोटांत जात नाहीं. दिव्याच्या अगदीं खालीं झाड ठेवलें तर करपतें. शिवाय एकाच झाडावर भागत नाहीं. तो प्राणी चार दिवसांत फांद्या बोडक्या करतो. म्हणून कुंड्या जोडीनें कराव्या, एक आंत असतांना दुसरी बाहेर उन्हांत सांवरत असावी.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. अशा प्राण्यांच्या विष्ठेंत साल्मोनेलाचे जंतु असूं शकतात, प्राणी धडधाकट दिसत असला तरी. पेटींतून बाहेर काढलेली कुंडी परसांतील भाजीच्या वाफ्यांत रिकामी करूं नये, तिचा पाला शेळीस घालूं नये, आणि हात लावल्यावर साबणानें धुवावे. घरांत लहान मूल असेल तर याविषयीं दुप्पट जपावें.

कायद्याविषयीं चार शब्द. इग्वानासारखे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यास २०२४ च्या नियमांप्रमाणें केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. पुतण्याच्या नोंदीचे कागद मीं स्वतः वाचले होते, कारकुनाची खोड. आपल्या रानांतील घोरपड किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें कासव मात्र कोणत्याहि नोंदीनें पाळतां येत नाहीं. तीं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत, व त्यांतील गुन्ह्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. शहरांतून कोणी शेतांतलें कासव मागावयास आला तर त्यास वाटेस लावावें.

यावर माझे एक स्नेही म्हणाले, "रावसाहेब, याच गोरेगांवच्या शेतकऱ्यांनीं २०२३ सालीं कर्ज फिटावें म्हणून आमचे अवयव विकत घ्या असें सरकारास लिहिलें, आणि तुम्ही सरड्याच्या पाल्याची काळजी करतां!" हा टोला मला लागला, आणि तो खोटा नाहीं. सरड्यांच्या झाडांचा बाजार भरून कोणाचें कर्ज फिटणार नाहीं, हें मी आधींच सांगून ठेवतों. असा धंदा काढा असें मी कोणास सांगत नाहीं. परंतु पेटींतला प्राणी ज्या पाल्यानें मरतो तोच पाला बांधावर शेळी खाते, आणि तेंच औषध पाठीवर पंप घेऊन आपला माणूस फवारतो. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तेथेंहि रुग्णास आणिल्यावर पहिला प्रश्न हाच असतो, कीं कोणतें औषध होतें. आणि डबा फेकून दिलेला असला तर उत्तर मिळत नाहीं.

म्हणून माझें मागणें लहान आहे. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठीं १९६९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. तो फळझाडांपुरताच आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं जे रोपें विकतात त्यांनीं कायद्याची वाट न पाहतां प्रत्येक रोपाबरोबर तीन ओळींची चिठ्ठी द्यावी: माती कोठली, औषध कोणतें, तें कोणत्या तारखेस दिलें. कांहींच दिलें नसेल तर तसें लिहावें. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाहीं' असें लिहावें. तेंहि उत्तर आहे, घेणारा त्यावरून काय तें ठरवील. यास खर्च कागदाचा आणि शाईचा. खोटी नोंद करणारे निघतील, असें कोणी म्हणेल. निघतील, मीं तीस वर्षें नोंदी पाहिल्या आहेत. परंतु खोट्या नोंदीवर निदान सही असते.

भाद्रपदांत मीं त्या जुन्या जास्वंदीच्या सात काड्या लावल्या, त्यांतल्या पांच जगल्या आहेत. प्रत्येक कुंडीस दोऱ्यानें चिठ्ठी बांधली आहे. पुतण्यानें दुसरा प्राणी घेतलेला नाहीं, व घे असें मीहि त्यास सुचविलेलें नाहीं. त्याच्या एका सोबत्याकडे मात्र तसाच इग्वाना आहे, त्यानें दोन कुंड्या मागितल्या आहेत. येत्या भाद्रपदांत वर्ष भरेल, तेव्हां घेऊन जा असें त्यास कळविलें आहे.