कारखान्यातले म्हातारपण

माझ्या मुलाने जपानमधल्या एका विक्रेत्याकडून जुन्या घाटाची, वापरलेली इलेक्ट्रिक गिटार मागवली. वर जकात भरली ती निराळीच! रंग उडालेला, कडा घासलेल्या. कुणा कलावंताची असेल म्हणून मी भक्तिभावाने हात जोडले. मग मानेवरचे पडदे पाहिले, तर कोरे करकरीत. बोटे फिरलीच नव्हती!

“बाबा, कारखान्यातच घासतात. त्याचेच जादा पैसे,” चिरंजीव म्हणाले. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढणारी फेंडर कंपनीसुद्धा १९९५ पासून असल्या नव्या म्हाताऱ्या विकते आहे.

अहो, आमच्या आजोबांच्या पेटीच्या पट्ट्या रियाजाने झिजल्या. ती झीज काचकागदाने यायची काय? विक्रेत्याची छायाचित्रे मी पुन्हा पाहिली. सारी अंगाची, पडद्यांचे एकही नाही.