सातचा भोंगा

आमच्या भागाला भोंग्याचे नवल नाही. साखर कारखान्याच्या भोंग्यावर गावातल्या चुली पेटायच्या आणि पाळीवर जाणाऱ्यांचे डबे बांधले जायचे. आजी अजून सांगते, "घरात घड्याळ कुठलं आलंय? भोंगा झाला की तुझ्या आजोबाच्या भाकरीवर तेवढी चटणी घालायची, की निघालं ते सायकलवर." म्हणून २०२२ साली वर्तमानपत्रात भोंग्याची बातमी आली तेव्हा मी ती निम्मी वाचून सोडून दिली होती. पुढे सर्वत्र बोलबाला झाला तेव्हा लक्षात आले, की हा भोंगा कामावर बोलावणारा नव्हे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. आमच्या पलूस तालुक्याला लागूनच कडेगाव तालुका. त्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक ठराव अमलात आणला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. विशेष म्हणजे या ठरावामागे गावातल्या बायका उभ्या राहिल्या होत्या.

या गोष्टीचे कौतुक फार झाले आणि तितकीच टिंगलही. आमच्याच महाविद्यालयाच्या कट्ट्यावर एक मित्र म्हणाला, "आता अभ्यासालासुद्धा भोंगा! ही लोकशाही म्हणायची की लष्कर?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही. (उत्तरे मला नेहमी एस.टी.त बसल्यावर सुचतात.) आज ते लिहिते आहे, पण त्याआधी आमच्या गावात काय झाले ते सांगणे प्राप्त आहे, नाही तर दुसऱ्याच्या गावावर मते मांडण्याचा अधिकार मला कुठून यावा?

आमच्या गावानेही नक्कल केली. २०२३ च्या गुढीपाडव्याचा मुहूर्त ठरला. ग्रामसभेत मुलींच्या वतीने बोलायला मला उभे केले. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेली मुलगी म्हणून गावात माझे नाव. मी बोलले, आणि बरे बोलले. "मोबाइलने आमची संध्याकाळ चोरली" असे एक वाक्य होते, त्यावर टाळ्याही पडल्या. सरपंच म्हणाले, "बघा, पोरगी बोलली ते!" पाडव्याला सात वाजता भोंगा वाजला. शेजारच्या वस्तीवरचे दोघे, कुठे आग लागली म्हणून, घागरी घेऊन धावत आले. पहिले चार दिवस खरोखरच गाव शांत होते. पाचव्या दिवशी सातच्या सुमारास वीज गेली, भोंगा वाजला नाही. सहाव्या दिवशी भोंगा लावणारा पाहुण्यांच्या हळदीला गेला. आणि ३१ मार्चला आयपीएल सुरू झाले. त्या वर्षी सामने मोबाइलवर फुकट दिसत होते आणि सुरू व्हायची वेळ बरोबर साडेसात. आता आमच्या गावातल्या कर्त्या पुरुषांनी काय करावे? पारावर बसून, भोंगा चालू असतानाच, एकाच्या मोबाइलवर आठ-दहा जणांची डोकी जमली. पोरांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी सातला भोंगा झाला तेव्हा आमच्या गल्लीतला पाचवीतला मुलगा आईला म्हणाला, "आधी पारावरच्यांचा बंद कर, मग माझा." नऊ दिवसांत आमची क्रांती आटोपली.

पण पारावरच्यांना नावे ठेवून मला सुटता येणार नाही. ज्या नऊ दिवसांत भोंगा वाजला, त्यांपैकी किमान पाच दिवस मी माडीवर दार लोटून, आवाज बंद करून, मोबाइल पाहत होते. ग्रामसभेत टाळ्या घेतलेले माझे भाषण कुणीतरी गावाच्या गटावर टाकले होते, त्यावर कोण काय म्हणते ते मी वाचत होते. खाली आजी एकटी बसलेली होती. आईने मला हाक मारली तर मी म्हणाले, "अभ्यास करतेय!" यापेक्षा अधिक कबुली वार्षिक अंकात देता येत नाही.

हा नाद आम्हाला लागला कसा, याचा विचार मात्र कोणी फारसा करीत नाही. आमची पिढी बिघडली असे म्हटले की काम भागते. मी २०२० साली दहावीला होते. भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो रद्दच झाला. पुढे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि अकरावीचा वर्ग मोबाइलवर भरू लागला. आमच्या घरात तोवर आबांच्याजवळ एक साधा बटनांचा फोन होता. दुधाच्या बिलातून हप्ते बांधून आबांनी नवा मोबाइल आणला आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "शिकायचं तर याच्याशिवाय गत्यंतर नाही म्हणतात." आम्ही तीन भावंडे आणि मोबाइल एक. रेंज मिळावी म्हणून गच्चीवर, कधी तर पाण्याच्या टाकीवर. वर्षभर ज्या मुलांना "मोबाइल घेऊन बस" म्हणून दामटले, त्यांनाच शाळा उघडल्यावर "मोबाइल टाक" म्हणणे, यात मुलांचा दोष किती धरायचा? तेव्हा दुसरा इलाज नव्हता हे मला कळते. पण व्यसन लावले कोणी याचा हिशेब करताना ते वर्ष वगळून चालायचे नाही.

आणि मोबाइलला सरसकट शिव्या देणाऱ्यांपैकीही मी नाही. आम्ही कृष्णाकाठची माणसे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची रेषा ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे काय झाले असेल ते समजावे. आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे गेली. आम्ही जनावरे सोडून उंचावरच्या शाळेत होतो. विट्याकडचे माझे मामा गलाईच्या धंद्यात तिकडे केरळात असतात. सोने-चांदी गाळायला खानापूर-आटपाडीकडची माणसे देशभर पांगली आहेत, त्यांतलेच ते. त्यांनी तिथे बसून मोबाइलवरून आमच्यासाठी गाडी ठरवली. चार्जिंग संपत आलेल्या त्या मोबाइलकडे आम्ही देवाकडे पाहावे तसे पाहत होतो. त्याच मोबाइलवर त्याच रात्री धरण फुटल्याची खोटी खबरही आली आणि शाळेत एकच रडारड झाली. दोन्ही खरे. द्राक्षवाल्यांना पावसाचा अंदाज मोबाइलवर कळतो, बेदाण्याचा आणि हळदीचा दर घरबसल्या कळतो. हे यंत्र विहिरीत टाका असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःचे टाकून दाखवावे.

आता त्या मित्राचे उत्तर. तो म्हणतो, वाचनाची सक्ती कशाला? ज्याला वाटेल तो वाचील. वरवर पाहता हे पटते. पण आपल्या खिशातला मोबाइल दिवसातून किती वेळा वाजतो, थरथरतो, ते त्याने एक दिवस मोजून पाहावे. कुणाचे कुठे लग्न झाले, कुठल्या दुकानात सवलत आहे, कोण कोणाला काय म्हणाले. प्रत्येक वेळी एक छोटा भोंगा होतो आणि आपण हातातले काम टाकून उठतो. तो भोंगा कोण वाजवतो, कशासाठी वाजवतो, हे आपल्याला ठाऊकही नसते. त्याच्यासाठी ग्रामसभा भरली नव्हती, कोणी हात वर केले नव्हते. वडगावच्या देवळावरचा भोंगा निदान गावाने आपण होऊन, चारचौघांत बसून लावला. मला त्यात लष्कर दिसत नाही. एकट्याने उपास धरणे कठीण, सगळ्या घराने एकादशी धरली की सोपे जाते. तितकीच ही गोष्ट आहे.

मात्र भोंगा फक्त वेळ रिकामा करून देतो, हे आम्ही आमच्या गावी शिकलो. रिकाम्या दीड तासात करायचे काय? आमच्या गावात ग्रंथालयाची पाटी आहे, आत खताची पोती आहेत. पोरांच्या हातात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नव्हता. गेल्या वर्षी आमची सहल सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या भिलारला गेली होती. ४ मे २०१७ रोजी हे 'पुस्तकांचे गाव' म्हणून जाहीर झाले. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतली. तिथे पुस्तके विकत मिळतात, इथे मात्र कोणीही घरात शिरून फुकट वाचावे. कुणाच्या ओसरीवर कादंबऱ्या, कुणाच्या पडवीत चरित्रे. बाहेर स्ट्रॉबेरीची शेते. मला गंमत वाटली ती घरच्या बाईंची. आम्ही पंधरा जणी त्यांच्या पडवीत घुसलो, तर त्या आतून म्हणाल्या, "बसा, वाचा, पाणी माठात आहे," आणि आपल्या कामाला लागल्या. आमच्यापैकी बहुतेकींनी पुस्तक हातात धरून फोटो काढले आणि पुस्तक जागेवर ठेवले. मीही काढला. पुस्तक उलटे धरले होते, हे घरी आल्यावर धाकट्या भावाने दाखवून दिले.

तेव्हा एका गावाने पुस्तके घरात आणली, दुसऱ्या गावाने मोबाइल तासाभरासाठी घराबाहेर काढला. सांगली आणि सातारा हे पूर्वी एकच जिल्हा होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखाला वाचनाचे वावडे कधीच नव्हते. भाऊरावांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली ती ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्यांच्यासाठी. पलीकडे ओगलेवाडीला काचकारखाना, त्याचा प्रभाकर कंदील घराघरांत. आमच्या आजोबांची पिढी त्याच्याच उजेडात शिकली. आणि आमच्या तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीहून, नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून, १९२० पासून 'किर्लोस्कर' मासिक निघत होते, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. माळरानावरून निघालेली ही मासिके सगळा महाराष्ट्र वाचत होता. आमचे पणजोबा त्या कारखान्यात होते. ते मासिकाचे जुने अंक घरी आणीत. आजीला या घरात आल्यावर त्यांची मुखपृष्ठे पाहायला फार आवडत. फक्त मुखपृष्ठे, कारण आजीला वाचता येत नाही.

ग्रामसभेत जे बोलायला हवे होते आणि मी बोलले नाही, ते हेच. मी चौथीत असल्यापासून आजीला रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवीत असे. तिचा क्रम ठरलेला: आधी निधनवार्ता, मग हळदीचा दर, आणि पावसाळा असेल तर कोयनेत पाणी किती. तिला १०५ टीएमसीला धरण भरते हे ठाऊक आहे. टीएमसी म्हणजे काय ते तिने कधी विचारले नाही. "नव्वद झालं? मग आता जनावरं वर बांधायला पाहिजेत," असा तिचा निष्कर्ष. नवा मोबाइल घरात आला आणि हे वाचन मागे पडले. पहिल्यांदा एक दिवस, मग दोन. तिने कधी तक्रार केली नाही. भोंगा बंद पडल्यावर उन्हाळ्यात आम्ही माडी सारवायला काढली, तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीमागे पेपरांची चळत निघाली. नीट घड्या घातलेले, तारखेप्रमाणे. मी म्हटले, "आजी, रद्दी का ठेवलीस?" ती म्हणाली, "रद्दी न्हवं ती. ऱ्हायलंय वाचायचं."

आमच्या गावात भोंगा परत सुरू व्हावा म्हणून मी यंदा पुन्हा ग्रामसभेत बोलणार आहे. या वेळी भाषण नको, तीन मागण्या पुरेत. ग्रंथालयातली पोती काढा. पहिला आठवडाभर भोंगा फक्त पारावरच्या मोठ्यांसाठी वाजवा, पोरांना त्यात धरू नका. आणि तिसरी म्हणजे सातला बायका चुलीपुढे असतात. दीड तास सगळ्यांनी वाचायचे तर भाकऱ्या कोणी थापायच्या, हे पुरुषांनी ठरावात लिहून द्यावे. या तिसरीवर गोंधळ होणार हे मला दिसते आहे. आईला ही मागणी सांगितली तेव्हा ती फक्त हसली.

तोवर आमच्या घरात सातचा भोंगा आजीच वाजवते. तोंडानेच. "वाजले गं सात!" मी मोबाइल फडताळात ठेवते आणि त्या चळतीतला एक पेपर काढते. दोन-दोन वर्षांपूर्वीच्या बातम्या. पण तिला त्याचे काही नाही. कालचीच गोष्ट, निधनवार्ता निम्म्यावर आल्या होत्या आणि वीज गेली. मी म्हटले, "राहू दे आता, उद्या वाचू."

"उद्या कशाला?" आजी म्हणाली. "काढ की तुझा त्यो मोबाइल. बॅटरी लाव त्याची. बोरगावची कोण म्हातारी गेली म्हणालीस?"