गरिबाची पोर्शे

परवा रात्री आमच्या विंगमध्ये पुन्हा तोच वाद. एका रूमच्या दारावर पोर्शे ९११ चं पोस्टर आहे. तीन वर्षं झाली, कोपरे किती वेळा चिकटवले त्याची गणती नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी बॉक्स्टरचं चित्र लावलं, तर पोस्टरचे मालक भडकले. "काढ ते आधी! ती खरी पोर्शे नाही, स्वस्तातली आहे." स्वस्तातली! अख्ख्या विंगमध्ये मिळून एक पल्सर, तीही भावाची जुनी. पण थाट असा की साहेब स्टुटगार्टहून थेट मेसला जेवायला आलेत.

हसून सोडून द्यायची गोष्ट होती. पण "खरी नाही" हे वाक्य आपल्याकडे फक्त गाड्यांबद्दल बोललं जात नाही. मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो, त्यामुळे ते माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तेव्हा माझ्या मतात थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

तर मुद्दा असा. स्पोर्ट्स कारवाल्या बड्या कंपनीने कमी किमतीचं मॉडेल काढलं की तिचं नाव बाटतं, ही समजूत फार जुनी. १९६० च्या दशकाच्या शेवटी फेरारीने सहा सिलिंडरची छोटी डिनो काढली, पण तिच्यावर ना फेरारीचं नाव, ना तो घोडा. एन्झो फेरारीने अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं नाव गाडीला दिलं, घराण्याचं नाही दिलं. आज तीच डिनो लिलावात कित्येक फेरारींना मागे टाकते.

पोर्शे ९२४ ची कथा आणखी मजेशीर. ती मुळात पोर्शेने फोक्सवॅगनसाठी डिझाइन केलेली. फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं, तेव्हा पोर्शेने आपलंच डिझाइन परत विकत घेतलं आणि १९७६ मध्ये गाडी बाजारात आणली. बनायची ऑडीच्या कारखान्यात, आणि इंजिन त्याच घराण्यातलं जे फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही बसायचं. झालं! 'व्हॅनच्या इंजिनाची पोर्शे' म्हणून लोकांनी नावं ठेवली. मेकॅनिकलवाल्यांनी मात्र जरा खाली वाकून बघावं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या अॅक्सलपाशी आणि दोन्ही जोडणारी भक्कम ट्यूब. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं. ही अक्कल स्वस्तातली नव्हती. एक लाखाहून जास्त गाड्या खपल्या.

आता बॉक्स्टर. १९८० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास गाड्या विकणारी पोर्शे १९९३ पर्यंत त्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली आली होती. कंपनी बुडते की विकली जाते अशी अवस्था. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या मुशीत तयार झालेले जपानी सल्लागार बोलावले. त्यांनी काय करावं? सुट्या भागांची उंचच उंच रॅक्स बघून वीडेकिंग यांच्याच हातात करवत दिली आणि वरचा भाग कापायला लावला! माल साठवायला जागाच नको, म्हणजे साठणार नाही. (आपल्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये हा प्रयोग कुणी करेल का, असं उगीच मनात आलं. असो.)

त्याच काटकसरीतून १९९६ मध्ये बॉक्स्टर आली आणि वर्षभरात नवी ९११, म्हणजे ९९६. दोघींचं बॉनेट एक, दारं एक, हेडलाइटही तेच, ज्यांना लोक 'हाफ फ्राय' म्हणून चिडवायचे. वॉटर कूल्ड इंजिनही एकाच घराण्यातलं. कंपनी तरली ती या वाटून घेण्यामुळे.

आणि आता गंमत. दारावरचं ते पोस्टर मी बॅटरी मारून नीट पाहिलं. १९९८ च्या सुमाराची ९९६! म्हणजे आमचे मित्र तीन वर्षं ज्या तोंडाला ओवाळतायत ते 'स्वस्तातल्या'चंच तोंड आहे.

हे सगळं गोड गोड नाही, हेही सांगायला हवं. इंजिन वाटून घेतलं तसा दोषही वाटला गेला. इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होऊन दोन्ही गाड्यांची इंजिनं गेली, अमेरिकेत मालक कोर्टात गेले, २०१३ मध्ये तडजोड झाली. ९११ च्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं, जुन्या घडणीचं इंजिन होतं, त्या बचावल्या. म्हणजे जास्त पैसेवाल्याला चांगलं बेअरिंग! इथे नावं ठेवा, माझी हरकत नाही. बेअरिंगला ठेवा.

आणि अॅस्टन मार्टिनच्या सिग्नेटला तर खुशाल ठेवा. २०११ मध्ये टोयोटा आयक्यू ही चिमुकली गाडी घेतली, पुढची जाळी बदलली, आत चामडं लावलं आणि दुपटीहून जास्त किंमत लावली. दोन-अडीच वर्षांत गाशा गुंडाळला. ९२४ मध्ये उसन्या इंजिनाभोवती कुणीतरी डोकं चालवलं होतं. इथे स्टिकर चालवला. मला विचाराल तर नाव बाटलं ते या गाडीने, आणि ती आयक्यूच्या मानाने स्वस्तही नव्हती.

पोस्टर अजून दारावर आहे, मालक माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीयेत. बॉक्स्टरचं चित्र मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय. हेडलाइट जुळवून बघायचे असतील त्यांनी रात्री जेवणानंतर यावं, येताना बॅटरी आणावी.