जुनी गाडी, नवे ब्रेक

मोटारगाड्या हा काही आपल्या अंकाचा विषय नव्हे, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण ज्या वस्तूला पुरुषांनी ‘ताकद’ हेच नाव दिलं, तिच्याकडे बाईने एकदा नीट पाहायला हवं, असं मला वाटतं.

अमेरिकेतली ‘मसल कार’ ही अशीच वस्तू. मसल म्हणजे स्नायू. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ हे नाव दिलं. इंजिन ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं, म्हणजे आपल्याकडच्या मारुती ८०० च्या इंजिनाच्या आठपट! मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. पुढे विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो जमाना संपवला.

आता त्याच गाड्या शोधून, गंज काढून, रंग देऊन पुन्हा उभ्या केल्या जातात. मुलीकडे मिशिगनला गेले होते, तेव्हा डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर १९९५ साली सुरू झालेला त्यांचा मेळा पाहिला. बॉनेट उघडून उभे असलेले बहुतेक पुरुष. बायका मागे घडीच्या खुर्च्यांवर. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य : “ते दिवसच वेगळे होते!”

वेगळे होते खरे, पण कुणासाठी? १९५५ साली डॉज कंपनीने ‘ला फाम’ नावाची खास बायकांची गाडी काढली. गुलाबी रंग, सोबत लिपस्टिक, पर्स, रेनकोट आणि छत्री. बाईला गाडीत याहून जास्त काय हवं असणार, हा हिशेब! दोन वर्षांत ती बंद पडली. मसल कारच्या काळातही बाईची ठरलेली जागा गाडीच्या बाहेरच होती, जाहिरातीत बॉनेटला टेकून. गाडीसाठी कर्ज मागायला गेली, तर नवऱ्याची सही आणा, असं सर्रास सांगितलं जाई. कर्ज देताना स्त्री म्हणून किंवा विवाहित-अविवाहित म्हणून भेदभाव करायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली ती १९७४ साली. तोवर मसल कारचा जमाना उलटूनही गेला होता.

तरीही बायका गाड्या चालवत होत्याच. १९६६ साली शर्ली शहान या स्त्रीने प्लिमथ गाडी घेऊन नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटाची अंतिम शर्यत जिंकली. १९७३ साली शर्ली मल्डाउनी हिला सर्वांत वेगवान, ‘टॉप फ्युएल’ गटाचा परवाना मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन विजेतेपदं तिने घेतली. त्या गटात तीनदा विजेती ठरलेली ती पहिली व्यक्ती. पहिली स्त्री नव्हे, पहिली व्यक्ती! स्नायूंचा प्रश्न तिथेच निकाली निघायला हवा होता. यंत्राला पायाखालचा पाय बाईचा की पुरुषाचा, हे कळत नाही.

या छंदातली एक गोष्ट मात्र मला फार शिकण्यासारखी वाटली. जुनी गाडी पुन्हा उभी करणारे बरेचजण ती जशीच्या तशी ठेवत नाहीत. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. एवढी ताकद आणि थांबवायला एवढंच साधन! म्हणून आज त्या जागी डिस्क ब्रेक येतात. कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन, चार गिअरच्या जागी पाच, खांद्यावरून येणारे पट्टे, चांगले टायर. बाहेरून रंगरूप तेच, आत मात्र जीव वाचवणारी नवी व्यवस्था. यामुळे गाडीची परंपरा बुडाली, असं यातलं कुणी म्हणत नाही.

मग घराच्या आणि संस्कृतीच्या बाबतीतच का म्हणतात? एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना आपण विचारायला हवं, की तुमच्या त्या जुन्या गाडीला ब्रेक कोणते होते? सुनेला मारहाण झाली तर थांबवण्याची सोय काय होती? घराच्या कागदावर नाव कुणाचं होतं? २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. घर मोडलं नाही. त्याला एक ब्रेक बसला. पण तो कागदावर बसलाय. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तेव्हा तो पुन्हा काढून ठेवला जातो.

जुनं जपायला आपला विरोध नाही. जपताना काय बदलायचं, हे ठरवणाऱ्यांत आपण असायला हव्यात, आणि किल्ली आपल्याही हातात हवी, एवढंच.