दिवसाउजेडी हात धरा



प्रेमावर संपादकीय? तेही तृतीयपंथीयांच्या प्रेमावर? वर्गणी गोळा करून कागद आणतो तो ह्याच्यासाठी का, असे आपल्यातलेच काहीजण विचारणार. विचारा. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला, तेव्हा बोट कुठे ठेवले होते? लग्नावर. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून. लाहोरच्या मंडळाने रद्द केलेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापले, त्यातही हेच सांगितले. म्हणजे कोण कोणावर जीव टाकतो, कोणाला घरात घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, ही चावट गप्पांची बाब राहत नाही. हा चळवळीचा सवाल आहे आणि मी तो चळवळीच्या पानावरच मांडणार.

आता जोड्या फोनवर जुळतात. गोदीत पाळी सुटली की पोरं जागा बघून टेकतात आणि अंगठा चालू. फोटो डावीकडे सारला की नापसंत, उजवीकडे सारला की पसंत. टिंडरवाल्यांनी २०१८ साली भारतात बाई आणि पुरुष सोडून आणखी वीसहून जास्त ओळखी लिहायची सोय केली. चांगले झाले. जिला बापाने घरातून हाकलले, शाळेने पळवून लावले, तिला निदान आपली ओळख आपल्या हाताने लिहायला जागा मिळाली. नाक्यावर उभे न राहता, हवालदाराच्या हातावर काही न टेकवता माणूस शोधता येऊ लागला. ही गोष्ट लहान नाही.

पण रकाना मिळाला म्हणजे इज्जत मिळाली काय? शाळेच्या दाखल्यावर आपल्यालाही रकाना होताच की.

तिने खरे लिहिले, तर पहिला सवाल येतो, ऑपरेशन झालंय का? दुसरा सवाल, रेट काय? नाव विचारायला कोणाला सवड नाही. न लिहिता दोन दिवस बोलली आणि मग सांगितले, तर 'फसवलंस मला!' मग शिव्या, मग तिचा फोटो दोस्तांच्या ग्रुपवर, मग सगळ्यांनी मिळून तक्रारी ठोकायच्या आणि तिचेच खाते बंद पाडायचे. सांगितले तर बाजार, न सांगितले तर दगाबाज. हा पेच आपल्या ओळखीचा आहे. बाबूराव बागुलांना १९६३ साली कथासंग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती' असे का ठेवावे लागले? भाड्याची खोली बघायला गेलेला आपला माणूस आडनाव गिळतो, तेव्हा त्याला कोणी चोर म्हटले तर आपण उसळतो. म्हणतो, आडनाव ऐकताच दार बंद करणारा तू, आणि चोर मी? मग हीच वाफ त्या पोरीसाठी का निघत नाही?

आता चाहत्यांकडे वळतो. त्यांची संख्या कमी नाही आणि त्यांत आपली पोरं आहेत. रात्री अकरानंतर 'जान', 'राणी', 'तुझ्याशिवाय झोप नाही'. सकाळी लोकलच्या डब्यात तीच टाळी वाजवत समोर आली की हा खिडकीबाहेर बघतो. शेजारच्याने 'छक्का' म्हटले की हसण्यात ह्याचाच आवाज मोठा.

गावातल्या पाटलाला आपल्या सावलीचा विटाळ होता. आपल्या हाताने त्याचे पाणी बाटत होते. पण अंधारात आपल्या बायांच्या अंगाला हात लावताना त्याचा धर्म बाटला, असे कधी ऐकले काय? मुरळी देवाला सोडायची आणि देवाच्या नावाखाली गावाने वापरायची. अंग चालते, माणूस चालत नाही. ह्याला आपल्या आजी-आजोबांनी प्रेम म्हटले नाही. अस्पृश्यता म्हटले. फोनवर रात्री राणी आणि सकाळी छक्का, हे तेच आहे. फरक एवढाच की आज पाटलाच्या जागी कधी कधी आपला पोरगा बसलेला असतो, छातीवर निळा बिल्ला लावून.

कोणी म्हणेल, पोराची पण भीती असते. असते ना! घरात कळले तर बाप मारेल, वस्ती तोंडाला काळे फासेल. ती भीती मी खोटी म्हणत नाही. ह्या भीतीवर जगणाऱ्या टोळ्या आहेत. खोट्या फोटोने गोड बोलायचे, आडोशाला बोलवायचे, मारायचे, कपडे उतरवून व्हिडिओ काढायचा आणि पैसे उकळायचे. पोरगा चौकीवर जात नाही, कारण तिथे सांगणार काय? अंधार हे त्या टोळ्यांचे भांडवल आहे. उद्या सकाळी सगळ्यांनी चौकात उभे राहून ओरडावे असे मी म्हणत नाही. वेळ घ्या. पण तुमच्या भीतीची किंमत तिच्याकडून वसूल करू नका. उजेडात उभे राहायची ताकद आज नसेल, तर ते पहिल्याच दिवशी तिला सांगा. लग्नाचे गाजर दाखवून दोन वर्षे वापरून घ्यायचे आणि मग जातीतली बायको करून मोकळे व्हायचे, ही हलकटगिरी आहे.

'कायद्यात बसत नाही ना रे', हे आशिकांचे आवडते कारण. ते आता जुने झाले. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात सांगितले की आपले लिंग कोणते हे ज्याचे त्याने ठरवायचे. २०१९ साली मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने निकाल दिला की हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' ह्या शब्दात पारलिंगी स्त्री येते, लग्नाची नोंद करा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला नकार दिला, ते वाईटच झाले. पण पारलिंगी स्त्रीने पुरुषाशी आणि पारलिंगी पुरुषाने स्त्रीशी केलेले लग्न आहे त्या कायद्यात बसते, हे त्याच निकालात म्हटले आहे. तेव्हा पळायचेच असेल तर खुशाल पळा, कायद्याच्या आड लपू नका.

कायद्याची दुसरी बाजूही बघा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तेव्हा भटक्या जमातींबरोबर हिजड्यांचीही नोंदवही त्याच कायद्यात घातली. एकाच फासात दोघांची मान. स्वतंत्र देशाच्या संसदेने २०१९ साली तृतीयपंथीयांसाठी कायदा केला आणि त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षे. त्याच वेळी बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षे होती. म्हणजे कोणाच्या अंगाची किंमत किती, हे कायद्यानेच पाडून दिले. ती एकटी अनोळखी माणसाला भेटायला निघते, तेव्हा हा हिशेब तिला पाठ असतो. तुम्हाला माहीत तरी आहे काय?

आणि ती दलित असेल तर दाराला दोन कुलपे. आडनाव वाचून गप्प होणारे फोनवरही आहेत. तामिळनाडूतल्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या ग्रेस बानू समांतर आरक्षण मागतात ते ह्याचसाठी. सगळ्या तृतीयपंथीयांना एका पोत्यात कोंबले की त्या पोत्यातही जात वर चढून बसते. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मंचावरच्या बाईला टाळी देणे सोपे असते. घरात, पंगतीत, शेजारच्या खुर्चीवर जोडीदार म्हणून ती आली, की आपली पुरोगामी जीभ टाळूला चिकटते.

पोटाचा प्रश्न आधी, असे म्हणणारेही आहेत. १९२७ साली महाडला आपली माणसे नुसती तहान भागवायला गेली होती काय? माणूस म्हणून हक्काने त्या पाण्याला हात लावायला गेली होती. दिवसभर ओझी उचलणाऱ्याला रात्री आपले म्हणणारे कोणीतरी लागते. ते मला लागते, तुम्हाला लागते, तिला लागते. बाई म्हणून वाढवलेला पण पुरुष असलेला जो पोरगा घरच्यांनी जबरीने लावलेल्या लग्नात कुजतो आहे, त्यालाही लागते.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने दलित कोण ते सांगितले, तेव्हा कामगार, भूमिहीन, स्त्रिया आणि धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे त्यात घेतले. बारशाला आशीर्वादापुरती बोलवायची आणि पंगतीतून उठवायची, हे धर्माच्या नावाखाली पिळणे नाही तर काय?

म्हणून आपल्या पोरांना साफ सांगतो. ती जे नाव सांगते त्याच नावाने हाक मारा. तिच्या अंगात काय आहे, काय नाही, हे विचारायचा तुम्हाला काही अधिकार नाही. सांगायचे तेव्हा ती सांगेल. गप्पा पाहिजेत, अंग पाहिजे की संसार पाहिजे, हे आधी बोला, म्हणजे तिला हो किंवा नाही म्हणता येईल. नाही म्हणाली तर विषय संपला. पहिली भेट दिवसा, माणसांच्या गर्दीत, ती सांगेल त्या जागी. ती मैत्रिणीला कळवून आली तर राग धरू नका. तिचा फोटो तुमच्या फोनच्या बाहेर जाता कामा नये. आणि चारचौघांत कोणी तिच्यावर थुंकला, तर तुमचे तोंड उघडले पाहिजे.

शाखांनाही सांगणे आहे. अशा जोडप्याला खोली मिळत नसेल तर आपल्या वस्तीत शोधून द्या. लग्न करायचे असेल तर आपल्या विहाराचे दार उघडा. त्रिशरण, पंचशील आणि दोन हार, एवढ्यात आपले लग्न लागते. त्यासाठी कोणाचे अंग तपासावे लागत नाही.

ज्याला तिचा हात दिवसाउजेडी धरायचा नाही आणि तसे सांगायचीही हिंमत नाही, त्याने रात्री तिचे दार वाजवू नये. वाजवलेच तर तो आपला नाही, पाटलाचा आहे, असे समजून त्याच्याशी वागा.

जय भीम.